आईच्या वाचनयंत्राला बॅटरी कोणती?

प्रश्न : ताई, माझी आई ७२ वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मी आणि हे, दोघंही नोकरीवर जातो. आई दिवसभर एकटी डेझी प्लेअरवर, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या यंत्रावर, पुस्तकं ऐकते. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या या प्लेअरची आतली बॅटरी आता तासाभरात उतरते. मग दुपारी ऑफिसात फोन येतो, "काहून बंद पडलं व हे?" दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. नवीन घेताना आतल्या बॅटरीचं घ्यावं की पेन्सिल सेलवर चालणारं? की नुसती पॉवर बँक आणून दिली तर भागेल?

उत्तर : नवीन घ्यायच्या आधी जुन्या प्लेअरची पाठ चाचपून बघा. झाकण सरकतं का? छोटे स्क्रू हाताला लागतात का? व्हिक्टर रीडर स्ट्रीम नावाच्या अशाच प्लेअरच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी मागचं झाकण काढून कुणालाही बदलता यायची, आणि अजूनही बऱ्याच यंत्रांत निदान स्क्रू काढून ती निघते. सीताबर्डीत मोबाइल दुरुस्त करणारा बरा कारागीर हे काम करून देतो. त्याला जुनी बॅटरी दाखवा आणि तिच्यावर छापलेले व्होल्ट, मापं आणि तारांची संख्या जुळवायला सांगा. तीन तारा असतील तर तिसरी बहुधा तापमान कळवणारी असते. ती तोडून दोन तारांची बॅटरी बसवू देऊ नका. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का नसलेली लिथियम बॅटरी स्वस्त मिळाली तरी आईच्या उशाशी ठेवायला आणू नये.

आईलाही एक तपासणी शिकवून ठेवा. प्लेअर सपाट टेबलावर पाठीवर ठेवायचा आणि बोटाने एक कोपरा दाबायचा. आधी स्थिर बसणारा प्लेअर आता डुगडुगत असेल किंवा पाठ फुगीर लागत असेल, तर आत बॅटरी फुगली आहे. त्या क्षणापासून चार्जिंग बंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही. मी स्वतः लहानपणापासून बोटांनीच वाचते आणि माझ्या सगळ्या यंत्रांची तपासणी अशीच करते. डोळस माणसांच्या लक्षात येण्याआधी फुगवटा हाताला लागतो.

तीन वर्षांतच बॅटरी का बसली, याचं उत्तर बरंचसं आपल्या उन्हाळ्यात आहे. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यातून पूर्ण भरलेली असताना तर मुळीच नाही. चाळीस अंशांत ती शंभर टक्के भरून वर्षभर पडून राहिली, तर तिची साधारण एक तृतीयांश ताकद कायमची जाते. तीच अर्ध्याच्या आसपास भरलेली असेल तर नुकसान निम्म्याहून कमी. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, आणि मे महिन्यात नागपूरची दुपार तिथेच असते. म्हणून उन्हाळ्यात आईचा प्लेअर पहाटे, कूलरच्या हवेत चार्ज करा. खिडकीत, फ्रिजवर किंवा उशीखाली नको. पुस्तकं कार्डात भरलेली असतील, सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून आधीच उतरवून ठेवलेली असतील, तर वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. तेवढीच बॅटरी जास्त पुरते.

आता पेन्सिल सेल. माझं मत विचाराल तर एकट्याने घरी राहणाऱ्या माणसासाठी मी हेच आधी बघते. सेलच्या एका टोकाला बोंडी असते, दुसरं टोक सपाट. खाचेत स्प्रिंग असते तिकडे बहुतेक वेळा सपाट टोक जातं. म्हणजे कुणालाही न विचारता, कुठलाही दिवा न बघता आई सेल बदलू शकते. दुपारी दोन वाजता कथा ऐन रंगात येऊन यंत्र बंद पडावं आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत कुणी येणार नसावं, हे मी अनुभवलेलं आहे. त्या वेळी खिशातले दोन भरलेले सेल फार मोलाचे वाटतात.

सेल घेताना मात्र निकेल मेटल हायड्राइडचे, परत चार्ज होणारे, 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले घ्या. साधे रिचार्जेबल सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच उतरतात; हे वर्षभरानंतरही बहुतांश भरलेले राहतात. दोन जोड्या ठेवा. भरलेले सेल कापडी पिशवीत आणि वापरलेले स्टीलच्या डबीत, म्हणजे घोटाळा होत नाही. चार्जर असा हवा की प्रत्येक सेलची खाच स्वतंत्र असेल आणि सेल भरला की तो आपोआप थांबेल. लाल दिवा हिरवा झाला हे आईला कोण सांगणार?

दोन गोष्टी सांभाळा. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि वापरताना हळूहळू उतरतो, हा निकेलचा सेल १.२ व्होल्टवर बराच वेळ टिकून शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे 'बॅटरी कमी आहे' असं यंत्र बोललं की पुढची पाच-दहा मिनिटंच धरायची. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडता येत असेल तर तो बदलून घ्या. दुसरं म्हणजे, न भरता येणारे सेल, आणि हल्ली मिळणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल, हाताला अगदी सारखेच लागतात. निकेलच्या चार्जरमध्ये ते गेले तर फुटू शकतात. आईच्या खोलीत एकाच जातीचे सेल ठेवा, भिंतीवरच्या घड्याळाचे सेल दुसऱ्या खोलीत.

पॉवर बँक चार्जिंगला चांगली, पण तिच्यावर विसंबू नका. बोलणारा प्लेअर वीज इतकी कमी ओढतो की बऱ्याच पॉवर बँका काही लागलेलंच नाही असं समजून स्वतःच बंद होतात. शिवाय तिच्यात किती शिल्लक आहे ते दिवेच सांगतात.

एवढं सगळं सांगून शेवटची निवड आईवर सोडा. दुकानात तिला सोबत न्या, झाकण तिलाच उघडू द्या. मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झाली असेल किंवा सांधे दुखत असतील, तर सेलचं झाकण तिला त्रासाचं होईल. मग टाइप-सीचं यंत्र घ्या, कारण ती पिन उलटसुलट कशीही बसते, आणि त्याची बॅटरी बदलून मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा.

प्रश्न : मी एमएची विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, आहे. पुढच्या महिन्यात नागपूरहून दिल्लीला विमानाने जायचं आहे. जादा बॅटरी नेता येईल का?

उत्तर : येईल, पण हातातल्या बॅगेत. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. बॅटरीवर छापलेल्या मिलिअँपिअर-तासांना १००० ने भागून व्होल्टने गुणा. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास होते, म्हणजे चालते. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती वेगळ्या पाउचमध्ये ठेवा. किल्ल्या-नाण्यांना टेकली तर ती तापते. सुरक्षा तपासणीत पाउच स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये ठेवा आणि हे ब्रेल वाचायचं यंत्र आहे हे आधीच सांगा. तिथे कुणी ते पहिल्यांदाच बघत असेल, तर एक ओळ वाचून दाखवा.