मुलीच्या सुट्टीपासून बोलणं सुरू करा

प्रश्न : चौदा महिन्यांपासून मी मुलीला घेऊन सिन्नरला माहेरी आहे. नवरा सातपूरला नोकरीला, घर नाशिकच्या सिडकोत. मारहाण, पैशांची मागणी असं काही नव्हतं, पटलं नाही. दोघांनाही वेगळं व्हायचंय. भाऊ म्हणतात, आधी सासरच्या छळाचं कलम, ४९८-अ टाक, मग तो नमेल. मुलगी सात वर्षांची आहे. गोडीत सुटले तर माझे हक्क जातील का?

उत्तर : ताई, हक्क जात नाहीत. पण जे घडलं नाही ते फिर्यादीत लिहू नका. (ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे.) खरा छळ झाला असता तर मी स्वतः तुमच्यासोबत पोलीस ठाण्यात आले असते. दबावासाठी केलेल्या तक्रारीत मुलीची आजीही आरोपी होते, आणि आज सही करायला तयार असलेला माणूस उद्या वर्षानुवर्षं लढायला उभा राहतो.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, तर कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी दोघांनी मिळून अर्ज करा. वर्षभर वेगळं राहण्याची अट पूर्ण झालीच आहे. शेवटचे एकत्र सिडकोत राहिलात, म्हणून अर्ज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात. तिथे विवाह समुपदेशक दोघांशी बोलतील. त्यांना घाबरू नका. पुढे सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ती मुदत माफ होते, पण ते गृहीत धरू नका. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणूनही कटुता नको.

खरी मेहनत संमतीच्या अटींवर करा. ‘मुलीला अधूनमधून भेटता येईल’ असं वाक्य मला दिसलं की मी खोडते. कोणता शनिवार, किती वाजता, सिन्नरहून कोण आणणार, दिवाळीचे कोणते दिवस कुणाकडे, गॅदरिंगला दोघं येणार का, शाळेची फी कुणी भरायची, हे सगळं लिहा. मुलीचा पोटगीचा हक्क तुम्ही सोडून देऊ शकत नाही. तो तिचा आहे. दागिन्यांची यादी करा, स्त्रीधन तुमचंच आहे. तुमची स्वतंत्र वकील असू द्या. दोघांचा एकच वकील नको. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भावांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांचा राग तुमच्या काळजीतूनच आलाय. आणि नवऱ्याशी बोलताना पैशांचा विषय मागून काढा. आधी मुलीच्या सुट्टीचं ठरवा.