धावत्या प्राण्यांचे फोटो हललेले येतात, नवी लेन्स घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ताडोब्यात वाघीण जिप्सीसमोरून रस्ता ओलांडून गेली, तुम्ही चाळीसएक फोटो काढले आणि त्यातला एकही धड आला नाही. लेन्स ७०-३०० मिमीची, व्हीआर (लेन्समधली हाताची थरथर कमी करणारी सोय) चालू. मग आता महागडी लेन्स घ्यावी का?

इतक्यात नका घेऊ. ते चाळीस फोटो अजून डिलीट केले नसतील तर लॅपटॉपवर उघडा, पूर्ण झूम करा आणि आधी वाघिणीच्या पायाजवळचं गवत बघा. गवताची पाती स्वच्छ आणि वाघीण पुसट, तर वाघीण हलली. गवत, वाघीण, मागचा बांबू सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तुम्ही हललात, किंवा जिप्सी हलली. आणि वाघीण मऊमऊ पण मागचा बांबू लख्ख असेल, तर कुणीच हललेलं नाही, फोकस भलतीकडे बसला. आपण तिन्हींना ‘फोटो हलला’ असंच म्हणतो, पण प्रत्येकाचं औषध वेगळं.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पहिल्या प्रकारावर आहे, कारण तुमचा भरवसा व्हीआरवर दिसतोय. व्हीआर फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतो. त्याला वाघिणीशी काही देणंघेणं नाही. मला हे कळलं ते गावच्या जत्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या (धावपट्टीच्या) कडेला उभं राहून. बैल समोरून येत होते, शटर १/२५० ला होतं, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं. घरी येऊन बघतो तर बैलाच्या कपाळावरचा भंडारा अगदी कणाकणाने दिसतोय आणि गुडघ्याखाली मात्र पायच नाहीत, नुसता धुरळा. समोरून येणारं जनावर फ्रेममध्ये फारसं सरकत नाही, म्हणून तोंड वाचलं. पाय अंगापेक्षा वेगाने हलतात, ते गेले. तेच बैल माझ्या समोरून आडवे गेले असते तर तोंडही गेलं असतं.

जरा हिशोब करून बघा. रेहेकुरीचं काळवीट ताशी ७२ किलोमीटरने पळालं असं धरा (त्याहून जोरातही पळतं), म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/२५० सेकंदात ते ८ सेंटीमीटर पुढे जातं. म्हणजे डोळ्याच्या जागी कान. १/२००० ला तेच अंतर १ सेंटीमीटरवर येतं. म्हणून माझा ठोकताळा असा: निवांत चालणारा वाघ १/५००, अंगणात खेळणारं कुत्रं १/१०००, पळणारं हरीण किंवा उडणारा बगळा १/२०००, आणि खंड्यासारखं चिमणं काही असेल तर १/३२०० किंवा वर. ऑटो मोडवर कॅमेरा हे आपणहून करत नाही, त्याला समोर वाघ आहे की भिंत हे कुठे ठाऊक असतं? मॅन्युअलला जा, शटर तुम्ही ठरवा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) जेवढं उघडतं तेवढं उघडा (तुमच्या लेन्सला ३०० वर बहुधा ५.६ किंवा ६.३) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोवर सोडा.

आयएसओ वाढला की सगळे घाबरतात. १/२५० वरून १/२००० ला गेलात तर उजेड आठपट कमी मिळणार, म्हणून आयएसओ ४०० चा ३२०० होणार, फोटोत दाणे येणार. येऊ देत. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेच सावरता येतात, ओघळलेला वाघ सावरता येत नाही.

सकाळच्या सफारीला बांबूच्या सावलीत उजेड इतका कमी असतो की १/५०० सुद्धा जड जातं. अशा वेळी मी चालत्या वाघावर बटण दाबत बसत नाही. वाघ झाडावर वास सोडायला थांबतो, वळून गाड्यांकडे बघतो. त्या एक-दोन सेकंदांत जे मिळतं ते घ्यायचं.

आता जिप्सीचं. इंजिन चालू असताना कोपर गाडीच्या दांडीवर टेकवलंत तर सगळी थरथर थेट कॅमेऱ्यात. ड्रायव्हरदादांना निघतानाच सांगून ठेवा की वाघ दिसला की इंजिन बंद. जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून त्यात राजमा भरला की झाली बीनबॅग, दांडीवर टाकायची आणि वर लेन्स ठेवायची. सहप्रवाशांनी मध्येच उभं राहू नये यावर मात्र माझ्याकडे आजतागायत उपाय नाही.

फोकसचं थोडक्यात. व्हीआर म्हणालात म्हणजे निकॉन असणार, तर फोकस मोड एएफ-सी ला, म्हणजे प्राण्यामागे सतत जाणाऱ्या फोकसला ठेवा (कॅननवाले त्याला सर्व्हो म्हणतात). एएफ-एस ला असेल तर अर्ध बटण दाबताना फोकस जिथे बसला तिथेच अडकून राहतो आणि वाघीण तोवर दोन पावलं पुढे गेलेली असते. फोकस पॉइंटही एकच किंवा छोटा समूह ठेवा, तो डोळ्यावर, नाहीतर खांद्यावर. सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर सोडलेत तर तो हमखास मधली एखादी काडी पकडतो. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला प्राण्याचा डोळा ओळखता येतो, तिथे हा त्रास बराच कमी झालाय. बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) लावा, पण पाच-सहा फोटोंचे तुकडे करून. बटण दाबून धरून ठेवलं की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमका उडीच्या वेळी कॅमेरा मख्ख बसतो.

सराव वाघावर करू नका, महाग पडतो. नोव्हेंबर ते मार्चच्या मधे गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा. कुरव (सीगल) पक्षी लाँचच्या मागे मागे येतात. लाँचचा आणि त्यांचा वेग जवळपास सारखा, त्यामुळे पक्षी हवेत टांगल्यासारखा समोर राहतो आणि शरीरापेक्षा पंखच जास्त हलतात. १/५०० ला पंखांची टोकं पुसली जातात, १/२००० ला पीस न् पीस सुटं दिसतं, हा फरक तिथे तासाभरात डोळ्याला कळतो. (गाठ्या-फरसाण टाकू नका, बाकीचे टाकतातच.) पाय फाकवून उभे राहा, कोपरं बरगड्यांना चिकटवा आणि कंबरेतून वळा, नुसते हात फिरवू नका.

हाच सराव पुढे भिगवणला, उजनी धरणाच्या पाणथळीवर, कामी येतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल अशी नाव लावायला सांगा. रोहित (फ्लेमिंगो) उठले तर तोंडं तुमच्याकडे असतील. त्यांना उठवायला नाव अंगावर घालू नका, थांबलात की ते आपणहून उठतात.

माझ्या लाँचवरच्या पहिल्या फेरीत दोनशेपैकी सहा फोटो बरे आले होते, तेही परतीच्या वाटेवरचे.