ॲनाटॉमी राहिली म्हणजे नेमकं काय राहिलं?

"मॅडम, एक विषय राहिला. आता वर्ष गेलं, पीजी (पदव्युत्तर शिक्षण) गेलं, सगळंच गेलं." पहिल्या एमबीबीएसचा निकाल लागला की दरवर्षी हे ऐकायला मिळतं. कधी मूल स्वतः बोलतं, कधी आईचा फोन येतो, कधी वडील दारातच विचारतात, "मेडिकल सोडायला लावू का?" म्हणून समुपदेशक म्हणून एका मुलीबरोबर झालेलं काम इथे थोडक्यात मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूरला दोन वर्षं मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी आणि पहिल्याच प्रयत्नात सरकारी कॉलेज. फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री निघाल्या, ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) राहिली. निकालानंतर तिने मेसला जाणं सोडलं, फोन बंद ठेवला. शेवटी मोठा भाऊ गावाहून आला आणि तिला घेऊन माझ्याकडे आला.

अभ्यासाचं बोलण्याआधी मी तिला सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की माणूस बोलू लागतो. ती म्हणाली, "झोपले की उठूच नये असं वाटतं. पण काही करणार नाही, मॅडम." तरीही आम्ही पुढची व्यवस्था लावली. खोलीत एकटीने राहायचं नाही, भावाने काही दिवस इथेच थांबायचं, कॉलेजच्याच मानसोपचारतज्ज्ञांना भेटून यायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये ठेवायचा. एवढं झाल्यावर मगच मार्कशीटकडे वळलो.

"गुण बघितलेस का नीट?"

"नाही. फेल दिसलं आणि बंद केलं."

"मग आता मोठ्याने वाच."

थिअरी २०० पैकी ११६. प्रॅक्टिकल आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) मिळून १०० पैकी ३७. बेरीज तिनेच केली. ३०० पैकी १५३. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "निम्म्यापेक्षा जास्त आहेत की. मग फेल कशी?"

"तूच सांग."

"प्रॅक्टिकलला वेगळे चाळीस लागतात. तीन कमी पडले."

इथे आईवडिलांनी थोडं थांबावं, कारण घरातली निम्मी भांडणं या गुणपद्धतीच्या अज्ञानातून होतात. एमबीबीएसला नुसती बेरीज पाहून पास करत नाहीत. थिअरी आणि प्रॅक्टिकल यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. व्हायवाचे गुण प्रॅक्टिकलमध्ये धरतात, थिअरीत नाही. वर्षभराच्या इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे, गुण मार्कशीटवर वेगळे दिसतात, विद्यापीठाच्या गुणांत मिळवले जात नाहीत. पण इंटर्नल कमी पडले, किंवा हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्क्यांच्या खाली गेली, तर परीक्षेलाच बसता येत नाही. "अभ्यास करत होता, तरी फॉर्म अडवला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी हजेरी आणि लॉगबुकवरच्या (केलेल्या कामाच्या नोंदवहीवरच्या) सह्या बघायला सांगते. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते.

मी कोणालाही "तू हुशार आहेस, काळजी करू नकोस" असं सांगत नाही. हुशार की ढ, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. माणसाला एकगठ्ठा गुण देता येत नाहीत. त्याने केलेल्या एकेका कामाला देता येतात. तिचं कोणतं काम ३७ वर अडलं, ते शोधायचं होतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी म्हटलं, "मला ॲनाटॉमी येत नाही. मांडीच्या वरच्या भागातला फीमोरल ट्रँगल म्हणजे काय ते शिकव."

ती उठून उभी राहिली आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवून सांगू लागली. "हे बघा मॅडम, वर हे इंग्वायनल लिगामेंट. बाहेरच्या बाजूने सार्टोरियसची आतली कड, आतून ॲडक्टर लाँगसची आतली कड. बाहेरून आत येताना आधी नर्व्ह, मग आर्टरी, मग व्हेन. आणि आर्टरी-व्हेनवर जी शीथ असते ना, तिच्यात नर्व्ह येत नाही, ती बाहेर राहते. हे हमखास विचारतात." अडखळणं नाही, आठवणं नाही. सगळं डोळ्यांसमोर असल्यासारखं.

"आता हेच इंग्रजीत सांग. मी परीक्षक आहे."

ती खुर्चीत बसली. खांदे आत गेले. "फीमोरल ट्रँगल इज..." आणि पुढे शब्द येईना. मीही काही बोलले नाही. अशी शांतता भरून न काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे, आणि ते मला जमतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "व्हायवाला असंच झालं. मला येत होतं. पण मी कधी बोललेच नव्हते, मॅडम. वर्षभरात कुणाशीच, एकदाही नाही."

त्या एका वाक्यानंतर आमचं काम सोपं झालं. ॲनाटॉमी राहिली नव्हती, ती तोंडाने मांडायचं राहिलं होतं. हे फक्त मराठी माध्यमाच्या मुलांचं दुखणं नाही. नीटला १८० प्रश्न, पर्याय समोर, तोंड उघडायची गरजच नाही. दोन वर्षं तेच वळण लागतं. एमबीबीएसच्या पेपरात असे पर्यायांचे प्रश्न (एमसीक्यू) जास्तीत जास्त वीस टक्के, बाकीचं लिहायचं. आणि प्रॅक्टिकलला हाड हातात घेऊन माणसासमोर बोलायचं.

पुरवणी परीक्षा मुख्य निकालानंतर काही आठवड्यांतच होते आणि तिथे राहिलेल्या विषयाची थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. म्हणून थिअरी सोडून चालणार नव्हतं. सकाळी रोज एक लाँग क्वेश्चन आकृतीसह लिहायचा. दुपारी डिपार्टमेंटला हाडं आणि स्पेसिमेन. संध्याकाळी रूममेटसमोर वीस प्रश्नांची इंग्रजी उत्तरं, प्रत्येकी दोन मिनिटं, फोनवर रेकॉर्ड करून. उत्तराचा क्रम ठरलेला : काय आहे, कुठे आहे, सीमा, आत काय, दवाखान्यात उपयोग काय. फीमोरल ट्रँगल असेल तर नाडी कुठे लागते आणि फीमोरल हर्निया कुठून येतो, हे शेवटी आलंच पाहिजे. हाड हातात आलं की आधी बाजू ओळखायची आणि ते शरीरात असतं तसं धरायचं. फीमर, म्हणजे मांडीचं हाड, असेल तर डोकं वर आणि आत, लिनिया ॲस्पेरा ही उभी कड मागे. मुलं घाईत स्नायूंच्या जोडण्या सांगू लागतात आणि हाड उलटं धरलेलं असतं. तिथून पुढे परीक्षक काही ऐकत नाही.

उत्तर आलं नाही तर काय करायचं, याचाही सराव केला. गप्प बसायचं नाही, ठोकून द्यायचं नाही. "हे आठवत नाही सर, पण याच्या शेजारचा भाग सांगू शकते," एवढं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यातली रेकॉर्डिंग ऐकून ती रडली. तिसऱ्या आठवड्यातली तिने आपणहून भावाला ऐकवली.

आता पीजीची भीती. प्रवेशाची मेरिट नीट-पीजी या वेगळ्या प्रवेश परीक्षेवर लागते, पहिल्या वर्षाच्या पुरवणीवर नाही. खरा धोका वेगळाच आहे. पुरवणीतही राहिलं तर पुढच्या वर्षीच्या बॅचमध्ये जावं लागतं, मग इंटर्नशिप उशिरा संपते आणि नीट-पीजीसाठी इंटर्नशिप पूर्ण करण्याची तारीख हुकू शकते. म्हणून पुरवणी हलकी घेऊ नये. पहिल्या वर्षासाठी एकूण चार प्रयत्न असतात. "तयारी नाही, नुसता बसून बघतो" हा सल्ला ऐकू नये, कारण अर्धा पेपर देऊन उठलात तरी तो प्रयत्न धरला जातो.

ती पुरवणीत निघाली आणि आपल्याच बॅचमध्ये दुसऱ्या वर्षाला बसली. प्रॅक्टिकलला ५८ होते. आता पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजी आहेत. हे तिन्ही निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून या वेळी तिने टर्मिनलच्या (कॉलेजच्या सत्र परीक्षेच्या) आधीच तीन मैत्रिणींचा गट केला आहे आणि दर रविवारी त्या एकमेकींची व्हायवा घेतात.