सायप्रसच्या डोंगरातल्या छोट्या घरगुती वायनरीला भेट द्यायची तर आधी कळवावं लागतं का? किती वेळ ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात सायप्रसला जाताय, सोबत आई आहेत ज्या वाईनला हात लावत नाहीत, आणि डोंगरातली एखादी फॅमिली वायनरी बघायचीय, तर आधी कळवायचं का, किती वेळ ठेवायचा आणि काहीच न घेता निघालं तर वाईट दिसतं का. सरळ उत्तर देते. फोन करून जा, सप्टेंबर म्हणजे ऐन तोडणी, घरातली सगळी माणसं बागेत असतात. तास-दीड तासात उरकायचं असेल तर जाऊच नका, अर्धा दिवस मोकळा ठेवा. आणि एक तरी बाटली घ्या, कारण तुम्ही दुकानात नाही, शेतकऱ्याच्या घरी गेलेले असता.

हे शेवटचं वाक्य मी मनापासून लिहितेय, त्यामागे आमच्या घरातला पंधरा वर्षांचा वाद आहे.

मी राहते भांडुपला, पण माहेर तासगाव तालुक्यातलं. द्राक्ष आणि बेदाणा याशिवाय आमच्या घरात दुसरा विषय नसतो. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि आमच्याजवळ पलूसला वाईन पार्क झाले, पेपरात रोज वाईन द्राक्षाच्या बातम्या यायच्या. मी तेव्हा मुंबईत कॉलेजला, सुट्टीला घरी जाताना कात्रणं घेऊन जायचे आणि अण्णांच्या मागे लागायचे की दोन एकर तरी लावा. अण्णांनी २००६ ला लावली, कॅबरने आणि शिराज या वाईनच्या जाती, एका कंपनीबरोबर करार करून. पहिली तोडणी बरी गेली. मग २००९ ला मंदी आली आणि कंपनीचा माणूस फोनच उचलेना, घड वेलीवर तयार, साखर उतरलेली, आणि घेणारा कुणी नाही. वाईनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया, ते ना पेटीत भरून वाशीला पाठवता येत ना त्याचा बेदाणा होत, बियांचा बेदाणा सौद्यात कोण घेणार? पंधरा दिवस अण्णा रोज बागेत जाऊन नुसते उभे राहायचे. शेवटी दादानं वेली खाली कापल्या आणि त्याच डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, सोनाका या बिनबियांच्या द्राक्षाची कलमं केली. तेव्हापासून दादाचं एक वाक्य ठरलेलं आहे, वाईन हे छोट्या माणसाचं काम नाही. आणि माझं एक ठरलेलं आहे, की आपण वाईन केलीच नव्हती दादा, आपण दुसऱ्याला कच्चा माल विकला होता.

हे डोक्यात घेऊन मी २०२३ च्या सप्टेंबरात सायप्रसला गेले. नवऱ्याचं काम होतं लिमासोलला, मी बरोबर गेले आणि दोन दिवस डोंगरात काढले. तिथं गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात (१९६० पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं) त्यामुळे भाड्याची गाडी घ्यायला घाबरू नका, पण चालवणाऱ्यानं प्यायची नाही, रस्ता आंबोली घाटासारखा वळणावळणाचा आहे. लिमासोल सोडलं की चढ सुरू होतो तो ट्रूडोसच्या डोंगरापर्यंत, सगळ्यात उंच शिखर १,९५२ मीटर, आणि वाईनची गावं दक्षिणेकडच्या उतारांवर. ओमोडोस सगळ्यांना माहीत असतं, मठ आहे, चौक आहे, टुरिस्ट बसेस येतात. मी तुमच्या जागी असते तर आईंना ओमोडोस दाखवून पुढे कमांडारियाच्या गावांकडे वळले असते. कमांडारिया म्हणजे तिथली गोड वाईन, ती फक्त १४ गावांतल्या द्राक्षांची करता येते, लानिया, सिलिकू, झूपिगी, कालो खोरिओ वगैरे. खाली कोलोसीला एक चौकोनी दगडी गढी आहे, तो सगळा मुलूख मध्ययुगात सेंट जॉनच्या नाइट्सकडे होता, त्यांच्या जहागिरीला कमांडरी म्हणायचे, त्यावरून हे नाव.

आम्ही गेलो ते यातलंच एक गाव, घराचं नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. गाडीतून उतरल्यावर नवरा म्हणाला, बाग कुठाय? मलाही कळेना. आपल्याला बाग म्हणजे मांडव नाहीतर वाय आकाराचा सांगाडा, लोखंडी अँगल, तारा, ड्रिप, वर जाळी असं बघायची सवय. तिथं उतारावर दगडी ताली घातलेल्या, चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड, आणि त्या तालींच्या मागे गुडघ्याएवढी झुडपं. तीच द्राक्षाची वेल! खोड माझ्या मनगटाहून जाड, पीळ पडलेलं, तार नाही, काठी नाही, पाणी नाही. घड पानांच्या खाली जमिनीलगत लोंबतात आणि माणूस कंबरेत वाकून तोडतो. मी वाकून खोडाशी कलमाचा जोड शोधला. आपण डॉगरीजवर कलम केल्याशिवाय लावतच नाही ना, तिथं जोडच नव्हता, वेल स्वतःच्याच मुळावर. त्या घरच्या सूनबाईंनी सांगितलं की फायलोक्सेरा नावाच्या मुळाच्या किडीनं युरोपातल्या जवळपास सगळ्या बागा एकोणिसाव्या शतकात खाल्ल्या, ती या बेटावर कधी पोचलीच नाही, म्हणून इथं खुंट लागत नाही. दुसरं, तिथं छाटणी एकच, हिवाळ्यात. थंडीत वेल पानं टाकून झोपते. आपली वेल कधी झोपतच नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मग घड जीए या संजीवकात बुडवणं, मण्यांची विरळणी, डावणी या बुरशीवरचे स्प्रे. तिथं उन्हाळाभर पाऊस नसतो त्यामुळे डावणीची भीती आपल्याएवढी नाही. मला त्या वेलींचा हेवा वाटला.

घराच्या मागच्या उतारावर काळ्या जाळ्या अंथरल्या होत्या आणि त्यावर घड वाळत घातलेले. एक सत्तरीच्या आजी काळा स्कार्फ बांधून बसून एकेक घड उलटा करत होत्या. हे बघून माझे पाय थांबलेच, कारण आमच्या बेदाण्याच्या शेडवर आई अगदी तसंच बसून रॅकवरचा माल हलवायची. मी त्यांच्या शेजारी बसले आणि उलटायला लागले. त्यांना इंग्लिश नाही, मला ग्रीक नाही. मी एक घड चुकीच्या बाजूनं धरला तर त्यांनी माझं मनगट धरून फिरवलं, देठ वर, मणी खाली, म्हणजे देठाशी ओल राहत नाही. दहा मिनिटांत माझा वेग बघून त्या सुनेला काहीतरी म्हणाल्या, सून हसून म्हणाली, "विचारतायत, तुमची द्राक्षं कुठंयत?"

मग मात्र दोन तास कसे गेले कळलं नाही. मी सांगितलं की आम्ही घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, सालीला बारीक भेगा पडतात, सावलीत पंधराएक दिवसांत माल तयार होतो आणि हिरवा राहतो. त्यांचं उलटं. डिप नाही, सावली नाही, उघड्या उन्हात आठ-दहा दिवस, मणी तपकिरी पडला तरच हवा. पूर्ण बेदाणा होऊ देत नाहीत, आत रस राहायला पाहिजे, साखर दाटली की पिळतात. दोनच द्राक्षं वापरतात, पांढरं क्सिनिस्तेरी आणि काळं माव्रो. मग आंबवून लाकडी पिंपात कमीत कमी दोन वर्षं. तळघरात माणूस आत उभा राहील एवढे जुने मातीचे रांजण होते, पिथारी म्हणतात, त्यातला एक अजून वापरात होता. आजींनी त्याच्यावर बोटांनी टकटक करून मला आवाज ऐकवला, भरलेल्याचा आणि रिकाम्याचा, जसं आपण घागरीचं करतो.

आता माझ्यासाठी महत्त्वाचं. सूनबाईंचे सासरेही आधी द्राक्षच विकायचे. १९८० च्या आसपासपर्यंत या डोंगरातला बहुतेक माल लॉरीत भरून खाली लिमासोलच्या मोठ्या वायनऱ्यांकडे जायचा, भाव तेच ठरवणार. नंतर सरकारनं गावातच छोट्या वायनऱ्या काढायला मदत केली आणि या कुटुंबानं चार टाक्या घेऊन सुरुवात केली. मी तिथंच दादाला फोटो पाठवला, खाली लिहिलं, बघ, आपल्यापेक्षा कमी जमीन आहे यांची.

वाईनबद्दल एवढंच सांगते की आधी क्सिनिस्तेरीची साधी पांढरी घ्या, थंडगार, कैरीच्या फोडीसारखी आंबटसर, आणि कमांडारिया शेवटी, अगदी थोडी. नाशिकला वीकेंडला जाऊन म्युझिक, पिझ्झा, ग्लास हातात धरून फोटो हा प्रकार मला पटत नाही, आणि तेच डोक्यात ठेवून या घरांकडे गेलात तर निराश व्हाल. बाग आधी बघा. वेल कोण छाटतं ते विचारा, ज्या घरात त्याचं उत्तर "मी" असं येतं ते घर खरं.

आईंची काळजी अजिबात करू नका, उलट त्यांना जास्त मजा येईल. तोडणीच्या दिवसांत पालुझे करतात, द्राक्षाच्या रसात पीठ घालून शिजवलेली खळ, आपल्या खिरीसारखी. त्याच पालुझेत दोऱ्यात ओवलेले बदाम परत परत बुडवून वाळवतात, त्याला सुजुकोस म्हणतात, दिसायला जाड मेणबत्तीसारखं. एप्सिमा म्हणजे रस आटवून केलेला पाक, चव डिट्टो काकवी. यात कशातच दारू नाही. फक्त झिवानिया म्हणून छोट्या ग्लासात पाण्यासारखं काही दिलं तर ते त्यांना देऊ नका, ती चोथ्यापासून गाळलेली कडक दारू असते.

आणि हो, येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून टाका. २०२५ च्या जुलैत लिमासोलच्या वरच्या डोंगरात मोठा वणवा लागला होता, वाईनच्या गावांना त्याची झळ बसली, म्हणून जाण्याआधी चालू काय आहे ते फोनवर विचाराच. सगळीच घरं अशी प्रेमानं बसवून घेतील असंही नाही, माझं द्राक्षवाल्यांचं गोत्र जुळलं म्हणून मला जास्त मिळालं असेल.

अजून एक, जे मी दादाला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. त्या सूनबाई लिमासोलला शाळेत शिकवतात, त्यांचा नवरा पण आठवड्यातले चार दिवस खाली नोकरी करतो. नुसत्या वायनरीवर घर चालत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. तरीपण बाटलीवर नाव त्यांचं आहे आणि भाव त्यांचा आहे, एवढ्यावर मी अजून ठाम आहे.

फेब्रुवारीत दादा माल घेऊन वाशी मार्केटला आला होता, पहाटे गाडी खाली करून सात वाजता माझ्याकडे चहाला. चहाच्या आधी मी त्याला कमांडारिया स्टीलच्या पेल्यात बोटभर ओतून दिली. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, तेव्हा आम्ही दोघं फोनवर एवढे भांडलो होतो की महिनाभर बोललो नाही. तो म्हणायचा तिथं बाटल्या कुणाच्या असणार, आपल्या का? म्हणून मला धाकधूक होती. त्यानं आधी वास घेतला, बराच वेळ. म्हणाला, "सकाळी शेडचं दार उघडल्यावर येतो तो वास." मग एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवून विचारलं, "एका वेलीला घड किती ठेवतात? एकरी माल किती निघतो?"

मी विचारलंच नव्हतं. दोन तास बसले, आजींबरोबर घड उलटले, रांजण वाजवून बघितले, आणि हे विचारायचं राहिलं. दादा म्हणाला, त्याशिवाय हिशोब कसा मांडणार, आणि हे त्याचं अगदी बरोबर आहे.

तर तुम्ही जाणारच आहात तर माझ्यासाठी एवढं करा. जुन्या बिनतारेच्या वेलींचं विचारा, तारेवरच्या नव्या लागवडीचं नको. एका वेलीला घड किती, आणि डोनमला माल किती. तिथं एकर म्हणत नाहीत, डोनम म्हणतात, एक डोनम म्हणजे साधारण एकराचा तिसरा हिस्सा, बाकी गुणाकार आम्ही करू. आकडे इथंच खाली लिहा, मी दादाला दाखवते.