वाचक विचारतात : मुलींच्या मासिकासाठी लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू?

मुलींसाठी निघणाऱ्या फॅशन आणि हस्तकलेच्या मासिकांना बाहेरून लिहिणारे लोक लागतात, असं मागच्या अंकात याच पानावर ओझरतं लिहिलं होतं. त्यावर निपाणी, खानापूर, अथणी, शहापूर अशी बेळगाव भागातून सगळीकडून पत्रं आली, बरीचशी शिवणकाम आणि भरतकाम करणाऱ्या बायकांची. सगळी घेता येणार नाहीत, चार घेतलीत.

ताई, मी निपाणीत शिवणक्लास घेते, बी.ए. झालंय. मुलींच्या एका मासिकाला "यंदाचे ट्रेंडी रंग" असा लेख पाठवला होता, काही उत्तरच आलं नाही. आमच्या निपाणीत फॅशन काय असणार हो, हे मुंबई-पुण्यात बसलेल्यांनाच जमतं की. नाद सोडू काय?

नाद अजिबात सोडू नका. लेख तुम्ही मला पण जोडून पाठवलाय, वाचला, भाषा चांगली आहे तुमची. पण यंदा कुठला रंग चालतोय हे संपादिकेकडे कंपन्यांच्या प्रेस नोटमधून रोज फुकट येऊन पडतं, त्यासाठी ती निपाणीच्या लेखिकेला मानधन कशाला देईल? तिला बसल्या जागी जे मिळत नाही ते द्या, आणि ते तुमच्या गल्लीत आहे.

आता हेच बघा. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, कोल्हापुरीचं नाव कुठं घेतलं नव्हतं, मग इकडून ओरड झाली आणि भारतीय कारागिरीवरून ते घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. ही बातमी सगळ्यांनी छापली. पण कोल्हापुरी चपलेला 2019 ला जे जीआय मानांकन (ठराविक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, हे किती मुलींना माहीत असेल? तुम्ही निपाणीच्या, अथणी आपल्याच जिल्ह्यात, जाऊन बसा एखाद्या कारागिराच्या घरी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं चप्पल कशी शिवतात, वेणी कोण घालतं (बऱ्याच घरांत बायकाच घालतात), हे सगळं बघून 10-12 वर्षांच्या मुलीला कळेल असं लिहा, आणि खाली तीच वेणी जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांनी घालून हातातलं ब्रेसलेट कसं करायचं ते द्या. हा लेख मुंबईत बसून कोणी लिहू शकत नाही, आणि मुलीला वाचून झाल्यावर करायला पण काहीतरी आहे.

मासिक म्हणजे मुंबई-पुणं हे पण जरा मनातून काढा. "स्त्री" मासिक 1930 ला निघालं ते किर्लोस्करवाडीहून, आणि त्या किर्लोस्करांची सुरुवात आपल्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली.

पूर्ण लेख आधी पाठवू नका, आधी चार ओळींचा मेल पाठवा, त्याला पिच म्हणतात. त्याच्या आधी त्या मासिकाचे मागचे पाच-सहा अंक मिळवून वाचा म्हणजे वाचणाऱ्या मुली किती वर्षांच्या, लेख केवढा असतो, कुठला विषय आत्ताच होऊन गेलाय हे कळतं. बऱ्याच मासिकांच्या लेखकांसाठीच्या सूचना पण असतात, त्या मागून घ्या. मग मेल असा काहीतरी : "खणाच्या कातरणातून पेन्सिल पाऊच. सगळा हातशिलाईनं, मशीन लागत नाही. वय 9 ते 13. साधारण 400 शब्द, पायरीपायरीचे 6 फोटो. शेवटी चौकटीत, खण गुळेदगुड्डला कसा विणतात. मी निपाणीत शिवण शिकवते, क्लासमधल्या मुलींनी हा पाऊच करून बघितलाय." एवढं वाचलं की संपादिकेला होय किंवा नाही म्हणता येतं. "मला लिखाणाची लहानपणापासून आवड आहे" ही ओळ मात्र काढा, प्रत्येक मेलमध्ये असते ती.

आणि मेलमधलं शेवटचं वाक्य, मुलींनी करून बघितल्याचं, खरं असू द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबण लावते. कृतीचा लेख लिहून झाला की तो कागद एका मुलीच्या हातात द्या, सामान द्या, आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तोंडातून शब्द काढायचा नाही. ती जिथं थांबेल, तुमच्याकडं बघेल, तिथं तुमचं लिखाण अपुरं आहे. शिकवणाऱ्याच्या हातात इतकं बसलेलं असतं की "कडेनं धावदोरा घाला" म्हणून आपण पुढं जातो, आणि त्या मुलीला धावदोरा म्हणजे काय, दोरा एकेरी की दुहेरी, गाठ आतून की बाहेरून, काहीच माहीत नसतं. खण कापला की धागे सुटतात, हे तुम्ही लिहिलं नाही तर तिचा पाऊच दप्तरात आठवडाभर पण टिकायचा नाही आणि तिला वाटेल आपल्यालाच जमत नाही. असं वाटून हातातलं सोडून देणाऱ्या मुली तुम्ही क्लासमध्ये बघितल्या असतीलच. कात्री, इस्त्री, गरम गोंदाची गन जिथं येते तिथं मोठ्यांना सोबत घ्या हे पण त्याच पायरीत लिहा, लेखाच्या तळाला नको, तळ कोण वाचत नाही.

तुमच्या रंगांच्या लेखात एक ओळ आहे, "सावळ्या मुलींनी हे रंग टाळावेत". ती परत कुठंच लिहू नका. जाड मुलींनी आडव्या रेघा घालू नयेत, बुटक्यांनी लांब कुर्ता नको, हे आपण मोठं होताना इतकं ऐकलेलं असतं की लिहिताना आपोआप येतं. पण वाचणारी 11 वर्षांची आहे, तिला घरात, लग्नात, वर्गात हे कोणी ना कोणी म्हणालेलंच असतं, निदान तिच्या मासिकानं तरी म्हणू नये. कापडाबद्दल लिहा, शिलाईबद्दल लिहा, खिसा कुठं असावा ह्यावर लिहा. मुलींच्या कपड्यांना धड खिसे नसतात, त्यावर तर अख्खा लेख होईल!

माझं शाळा-कॉलेज सगळं कन्नड माध्यमातून झालंय, घरी मराठी बोलतो. खानापूर तालुक्यात राहते, कसुतीचं भरतकाम करते. लिहायची इच्छा आहे पण मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि इंग्रजी तर बेताचंच. कुठल्या भाषेत लिहू?

ज्या भाषेत तुम्ही शेजारणीला टाका समजावून सांगता त्या भाषेत. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला माणसं असतात, ते पाठवायच्या आधी एखाद्या मराठीच्या शिक्षिकेला दाखवून घ्या, संपलं. इंग्रजी मासिकाला द्यायचं असेल तरी आधी मराठीत किंवा कन्नडमध्ये पक्कं लिहून काढा, मग इंग्रजी येणाऱ्या कोणासोबत तरी बसून ते करा, आणि कोणी मदत केली ते संपादकाला सांगून टाका, त्यात लाजायचं काही नाही.

दोन्ही भाषा येतात हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंय, मला तर ती तुमची मोठी जमेची बाजू वाटते. धारवाडकडच्या जुन्या कसुती भरणाऱ्या बायकांशी तुम्ही सरळ त्यांच्या भाषेत बोलू शकता आणि लिहू शकता मराठीत, असं करणारी किती जणं असतील? कसुतीत गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके, कापडावर आधी पेन्सिलीनं काढून घ्यायचं नाही, धागे मोजत जायचं, गाठ मारायची नाही, आणि गवंती-मुर्गी नीट घातली तर उलट-सुलट दोन्हीकडून सारखंच दिसतं. मोजत भरायचं म्हटल्यावर चौकटीच्या वहीवर मुली आधी आपलं डिझाइन बसवू शकतात, हत्ती, रथ, तुळशीवृंदावन हे जुने नमुने तर आहेतच, पण स्वतःच्या मांजराचं पण करता येईल की. फक्त एवढं करा, पहिल्या लेखात चारही टाके कोंबू नका. एकच गवंती घ्या, जाळीचं मॅटीचं कापड घ्या, आणि एक छोटा नमुना.

ज्या बाईंनी तुम्हाला नमुना दाखवला त्यांना विचारून त्यांचं नाव लेखात घाला. अंक आला की त्यांना नेऊन दाखवा.

मी अथणीची, वय 16. जुन्या साड्यांपासून कपडे, बॅगा करते, फोटो काढते. माझा लेख घेतील काय? पैसे मिळतील काय?

पाठव की. मुलींच्या मासिकाला मुलीनंच लिहिलेलं मिळालं तर संपादक खूश होतात, वय लपवू नकोस, पहिल्याच ओळीत सांग. 18 पूर्ण होईपर्यंत करारावर तुझ्या सहीला कायद्यात अर्थ नाही, म्हणून आई किंवा बाबांची सही लागेल, त्यांना आत्तापासूनच सगळं दाखवत जा, मेल पण त्यांच्यासमोर. घराचा पत्ता, शाळेचं नाव, गणवेशातला फोटो छापायला देऊ नकोस. फोटो खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, मागं साधी चादर. बॅग तयार झाल्यावरचा फोटो सगळ्या जणी काढतात, तू करत असतानाचे पण काढ. आणि साडी कुणाची होती ते लिही. आजीचं इरकल असेल तर ते कापायच्या आधी तिला विचारलं होतंस ना?

शहापूरहून लिहिते. एका मासिकात माझे दोन लेख आले, पैसे "बघू" म्हणतात, आणि आता तेच लेख नि फोटो त्यांनी न विचारता दुसऱ्या पुस्तिकेत वापरले. दुसऱ्या एका ठिकाणी तर छापायचे पैसे मलाच भरायला सांगितले. माझ्याकडं कागद काहीच नाही, हक्क कुणाचा?

तुमचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मासिकात नोकरीला असलेल्याची गोष्ट वेगळी, बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखावर मुळात लिहिणाऱ्याचाच हक्क असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत घातली नसेल तर 5 वर्षं धरतात आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. तुम्ही सहीच केली नाही, म्हणजे तुम्ही एकदा छापायला दिलेत एवढंच. स्वतःच्या हौसेनं काढलेले फोटोही तुमचेच. आता साध्या भाषेत त्यांना मेल करा, कुठल्या अंकात काय आलं, पुस्तिकेत काय वापरलं, किती रुपये ठरले होते, किती दिवसांत द्यावेत. फोनवर भांडू नका, फोनचं काही उरत नाही. उत्तर नाही आलं तर बेळगावात वकिलाकडून एक नोटीस पाठवा.

पुढच्या वेळी होय म्हणायच्या आधी मेलवर विचारून घ्यायचं : मानधन किती, लेख स्वीकारल्यावर देणार की छापल्यावर, स्वीकारून छापला नाही तर काय, फक्त मासिकात की वेबसाइट-पुस्तिकेत पण, आणि नाव छापणार ना. परदेशी मासिक असेल तर करारात "ऑल राइट्स" असं आहे का ते नीट बघा, तसं असेल तर तोच लेख तुम्हाला परत कुठं वापरता येत नाही, मग मानधन तेवढं वाढवून मागा. लेखात शेजारपाजारच्या मुलींचे फोटो असतील तर त्यांच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेऊन ठेवा, ती जबाबदारी तुमच्यावर येते. मुलींच्या मासिकात काम करणाऱ्यांना हे प्रश्न नवीन नसतात, विचारल्यावर जे वैतागतात त्यांना लेख देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि छापण्यासाठी जो तुमच्याकडं पैसे मागतो तो जाहिरात विकतोय, त्याला नाही म्हणा. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांवर तुम्ही लिहिताय ते दुसरीकडं पाठवा. दिवाळीसाठी धरायचं असेल तर पावसाळा लागायच्या आत पिच गेलेलं बरं.