मोनेच्या चित्रातली पॉपीची फुलं म्हणजे नुसते लाल ठिपके का आहेत?

कारण फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला एकेक फूल रंगवायचं नव्हतं, फुललेलं माळरान रंगवायचं होतं. भर उन्हात अशा उतारावरून चालताना पाकळ्या, देठ कोण निरखत बसतं? नजरेत भरतो तो लाल रंगाचा सडा. १८७३ साली पॅरिसजवळच्या आर्जांतय परिसरात त्याने नेमका तोच टिपला.

चित्राची पुढची बाजू जवळून बघा. तिथले लाल फटकारे फुलाच्या मानाने चक्क मोठे आहेत, कडा धूसर, आकार वेडावाकडा. उतारावर मागे जावं तसे ते बारीक होत जातात आणि शेताला खोली येते. शिवाय लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग. शेजारी ठेवले की दोन्ही जास्त उठून दिसतात. म्हणून एवढ्या ढोबळ ठिपक्यांतूनही फुलं वाऱ्यावर डोलल्यासारखी वाटतात. मला तर ही युक्ती हुबेहूब काढलेल्या पाकळ्यांपेक्षा कितीतरी खरी वाटते.

गवतात अर्ध्या बुडालेल्या मायलेकरांच्या दोन जोड्याही पाहा, एक पुढे, एक उताराच्या माथ्यावर. त्यांना जोडणारी तिरकी रेघ मनात ओढली की सगळी मांडणी उलगडते. पुढची बाई बहुधा मोनेची पत्नी कामीय आणि मुलगा झाँ.

बारीक तपशिलापेक्षा क्षणात नजरेवर उमटणारा ठसा रंगवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात हे चित्र होतं. आता ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. छापील प्रतीत बघत असाल तर हातभर लांब धरून बघा, ठिपक्यांची फुलं होतात.