गुडघा बदलून दोन महिने झाले, आई वॉकर सोडत नाही. तिची भीती कशी घालवू?

तुम्ही लिहिलंय की आईला जुना मधुमेह आहे, पायात न्यूरोपॅथी आहे, म्हणजे नसा बिघडून बधिरपणा आलाय, एक्स-रे उत्तम आहे, गुडघाही छान वाकतो, तरी वॉकर सुटत नाही. अहो, भीती नाही ती. तिच्या तळपायाला जमीनच कळत नाहीये. नवा गुडघा बसवला म्हणून पायाच्या नसा नव्या होत नाहीत.

माझं अगदी हेच झालं. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं ऑपरेशन माझ्या आधी झालेलं. त्यांना ना साखर, ना मुंग्या. दीड महिन्यात काठीसुद्धा टाकून त्या गणपतीच्या देवळात चालत गेल्या. झालं, तेव्हापासून घरात येणारा-जाणारा मला तेच ऐकवायचा. भाऊजी तर रोज म्हणायचे, "वहिनी, जरा मनावर घ्या." मी व्यायाम एकही चुकवत नव्हते. पण बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, नळ धरावा लागायचा. डोळे उघडे असले की ठीक.

हे फिजिओथेरपिस्टला सांगितलं तेव्हा तिने बॅगेतून ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, काढला. वाजवून माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "थरथर थांबली की सांगा." थांबायची कुठली, सुरूच झाली नव्हती. घोट्यावरही काही नाही. गुडघ्याखालच्या हाडावर टेकवला तेव्हा कुठे कळली. भाऊजी समोरच्या खुर्चीत बसलेले. मग तिने मला पाय जुळवून डोळे मिटायला लावले आणि मी कलंडले तशी दोन्ही हातांनी धरलं. एवढं डोळ्यांनी बघून भाऊजी म्हणाले, "अशक्तपणा आहे, होईल." आता काय बोलणार!

त्यानंतर तिने व्यायामच बदलले. नुसतं गुडघा वाकवणं आणि मांडी कसणं आमच्यासारख्यांना पुरत नाही, तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे करावे लागतात. ओट्याला धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायचा, मग एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहायचं, आणि शेजारी माणूस हवाच. आईच्या फिजिओला हे स्पष्ट विचारा. वॉकर सुटल्यावरही काठी राहिली तर राहू द्या, आणि ती ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची.

घरातली पायपुसणी आधी उचला. रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा. घरातही अनवाणी नको, मागून पट्टा असलेली मऊ चप्पल हवी. गरम पाण्याची पिशवी कुणी कितीही प्रेमाने आणली तरी परत पाठवा, भाजलेलं कळत नाही. बर्फसुद्धा फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटंच. तळवे रोज कुणीतरी बघा, कारण पायाच्या जखमेतला जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू असेल तर गरगरतंय का ते विचारा. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहणं मात्र मधुमेह नसलेल्यांनाही होतं, त्याने घाबरू नका.

हे सगळं माझ्या अनुभवातलं, मी डॉक्टर नाही. पाऊल वर उचलता येत नसेल, पोटरी सुजली असेल किंवा गुडघा लाल-गरम झाला असेल तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. न्यूरोपॅथीत दुखणं उशिरा कळतं.

आणि आईसमोर लवकर चालायला लागलेल्या दुसऱ्या कुणाचं उदाहरण देणं आजपासून बंद. पाहुण्यांनाही बजावा. भाऊजींना आजही वाटतं की मी टाळाटाळ केली. मी आता काठी घेऊन भाजी आणायला जाते, आणि ती काठी मी सोडणार नाही.